काल्वी प्रकरणाचा माग ताळेबंदात आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रोबेर्तो काल्वी या इटालियन बँकरच्या मृत्यूवर लिहिणारे बहुतेकजण लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलापासून सुरुवात करतात आणि तिथेच घुटमळत राहतात. 18 जून 1982 ची सकाळ, परांचीला लटकलेला मृतदेह, खिशांत विटांचे तुकडे आणि परदेशी नोटा, मग माफिया, मग ‘पी-टू’ ही गुप्त मेसन संघटना. वाचक खिळून राहतो, पण कॅथलिक चर्चचा या सगळ्याशी नेमका काय संबंध, हे लेख संपला तरी त्याला उमगत नाही. तो संबंध समजून घ्यायचा तर मिलान, लक्झेंबर्ग, नासाऊ आणि पेरूमधील लिमा इथल्या हिशेबाच्या वह्या वाचाव्या लागतात. त्या बऱ्याच अंशी उजेडात आलेल्या आहेत.

आधी दोन संस्था. मिलानची बांको अंब्रोसियानो 1896 साली कॅथलिक बँक म्हणून निघाली. काल्वी 1975 मध्ये तिचा अध्यक्ष झाला. दुसरी, व्हॅटिकन बँक म्हणून ओळखली जाणारी ‘आयओआर’. तिची स्थापना पोप पायस बारावे यांनी 1942 मध्ये केली. तिला भागधारक नाहीत, आणि ती रोमच्या मधोमध असूनही इटलीच्या हद्दीत नाही. सत्तरच्या दशकात इटलीतून परवानगीशिवाय पैसा बाहेर नेणे हा गुन्हा होता, 1976 च्या कायद्याने तर फौजदारी गुन्हा. अशा काळात शहरातच उभी असलेली ‘परदेशी’ बँक किती कामाची, हे वेगळे सांगायला नको. 1971 पासून तिचे प्रमुख होते अमेरिकेत जन्मलेले बिशप पॉल मार्सिंकस. काल्वीने त्याच वर्षी बहामातील नासाऊ इथे जी बँक उघडली, तिच्या संचालक मंडळावरही ते बसले.

पैसा फिरवण्याची पद्धत अशी. अंब्रोसियानोची लक्झेंबर्गमधली होल्डिंग कंपनी मोठमोठ्या परदेशी बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज उचलायची. मिलानच्या प्रतिष्ठित बँकेचे नाव मागे असल्याने कर्ज सहज मिळे. ती रक्कम नासाऊच्या आणि पुढे लिमाच्या उपकंपनीकडे जायची. तिथून ती पनामा, लक्झेंबर्ग आणि लिखटेनश्टाइनमधल्या नाममात्र भांडवलाच्या कागदी कंपन्यांना कर्जाऊ दिली जाई. या कंपन्यांचा एक मोठा उद्योग होता: अंब्रोसियानोचेच शेअर विकत घेणे. म्हणजे बँकेच्या पैशातून बँकेवरच काल्वीचा ताबा पक्का होत होता. तेच शेअर पुन्हा तारण म्हणून दाखवले जात. काही व्यवहारांत मध्ये आयओआर उभी असे: अंब्रोसियानोची उपकंपनी तिच्याकडे ठेव ठेवी आणि ती तेवढीच रक्कम सांगितलेल्या कंपनीला पुढे देई. ताळेबंद पाहणाऱ्याला दिसे ‘व्हॅटिकनच्या बँकेतील ठेव’. त्याहून सुरक्षित येणे कोणते? प्रत्यक्षात पैसा केव्हाच पनामाच्या कंपनीत गेलेला असे. लेखापरीक्षक ठेवीची खातरजमा बँकेच्या पत्रावरून करतो. पत्र देणारी बँकच व्यवहारात सामील असेल तर ती खातरजमा निरुपयोगी ठरते.

ही रचना कोसळली ती कोणाच्या कारस्थानाने नव्हे, साध्या अंकगणिताने. कर्ज डॉलरमध्ये, तारण लिरामध्ये. 1980 मध्ये डॉलरला सुमारे 850 लिरा पडत, 1982 च्या मध्यापर्यंत हा भाव 1,300 च्या पुढे गेला. त्यातच अमेरिकेतले व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात पोचले होते. कागदी कंपन्यांना स्वतःचे उत्पन्न नव्हते, त्यामुळे जुन्या कर्जाचे व्याज नव्या कर्जातूनच भरावे लागे. शेअरचा भाव कितीही फुगवला तरी हा खड्डा बुजणार नव्हता. शेवटी तूट निघाली सुमारे 130 कोटी डॉलरची.

आता माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे कागद. मे 1981 मध्ये काल्वीला बेकायदा चलन निर्यातीसाठी अटक झाली, जुलैमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली आणि अपील प्रलंबित असताना तो जामिनावर सुटून पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. लिमाचे अधिकारी घाबरले होते. या कंपन्यांमागे कोण आहे हे त्यांना लेखी हवे होते. 1 सप्टेंबर 1981 च्या तारखेची कम्फर्ट लेटर, म्हणजे कर्जदात्याला दिलासा देणारी पत्रे, आयओआरने दिली. त्यांत मॅनिक, अस्तोल्फिने, बेलाट्रिक्स, युनायटेड ट्रेडिंग वगैरे कंपन्यांची नावे घेऊन म्हटले होते की, त्यांवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष नियंत्रण आमचे आहे आणि त्यांच्या कर्जांची आम्हाला कल्पना आहे. सह्या मार्सिंकस यांच्या नव्हेत, मेन्निनी आणि दे स्त्रोबेल या आयओआरच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या. पण त्याआधी, ऑगस्टच्या अखेरीस, काल्वीने आयओआरला उलटे पत्र लिहून दिले होते: या व्यवहारांतून तुम्हाला कोणतेही नुकसान सोसावे लागणार नाही. पहिले पत्र कर्ज देणाऱ्यांना दाखवले गेले, दुसरे लपवले गेले. दोन्ही एकत्र ठेवली की पहिल्याची किंमत शून्य होते. फसवणूक सिद्ध करायला याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो, आणि नेमका हाच भाग गोष्टीवेल्हाळ लेखांतून दोन ओळींत उरकला जातो.

धोक्याच्या सूचना वेळेवर मिळाल्या नव्हत्या असेही नाही. बँक ऑफ इटलीच्या तपासनिसांनी 1978 मध्येच अंब्रोसियानोवर सुमारे पाचशे पानांचा अहवाल दिला होता; परदेशी उपकंपन्यांचा धागा त्यांच्या हाती लागला होता. अहवाल मिलानचे दंडाधिकारी एमिलियो अलेस्सांद्रिनी यांच्याकडे गेला. 29 जानेवारी 1979 रोजी त्यांचा खून झाला. मारेकरी ‘प्रिमा लिनेआ’ या डाव्या दहशतवादी गटाचे होते, काल्वीशी त्यांचा संबंध जोडता येत नाही. त्याच मार्चमध्ये बँक ऑफ इटलीचे गव्हर्नर पाओलो बाफ्फी यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि पर्यवेक्षण सांभाळणारे सार्चिनेल्ली यांना अटक झाली. दोघेही पुढे निर्दोष ठरले, पण तोवर तपासाचा जोर गेला होता. जुलैमध्ये आणखी एक खून झाला. सिंदोना या दुसऱ्या बँकरच्या बुडालेल्या बँकेचे अवसायक जॉर्जो अंब्रोसोली यांना गोळ्या घातल्या गेल्या. सिंदोनाने व्हॅटिकनचीही गुंतवणूक हाताळली होती. त्या खुनासाठी त्याला 1986 मध्ये जन्मठेप झाली आणि दोनच दिवसांनी तुरुंगात त्याने सायनाइड मिसळलेली कॉफी प्यायली.

31 मे 1982 ला बँक ऑफ इटलीने काल्वीकडे परदेशी उपकंपन्यांच्या सुमारे 140 कोटी डॉलरच्या कर्जांचा खुलासा मागितला. हे व्यवहार मिटवण्यासाठी आयओआरने दिलेली मुदत 30 जूनला संपत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो खोट्या पासपोर्टवर पळाला. 17 जूनला संचालक मंडळाने त्याचे अधिकार काढले, त्याच दिवशी त्याची सचिव बँकेच्या खिडकीतून पडून मरण पावली. दुसऱ्या सकाळी पुलाखाली त्याचा देह सापडला. लंडनच्या पहिल्या चौकशीने आत्महत्या म्हटले, 1983 च्या दुसऱ्या चौकशीने निर्णय मोकळा ठेवला. 2002 मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी खुनाचा निष्कर्ष काढला: परांचीवरून चढून गेलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाच्या बुटांवर तिचा गंज किंवा रंग असायला हवा होता, तो नव्हता, हातांवर विटांचे कण नव्हते, मानेवरच्या जखमाही गळफासाशी जुळत नव्हत्या. रोममध्ये पाच जणांवर चाललेला खटला जून 2007 मध्ये निर्दोष मुक्ततेत संपला. मारेकरी कोण, हे कदाचित कायमचे अनुत्तरित राहील.

पैशाच्या प्रश्नाचे मात्र तसे नाही. तो तपास पुराव्याअभावी थांबलेला नाही, कायद्याच्या एका कलमापाशी थांबला. 1987 मध्ये मिलानच्या दंडाधिकाऱ्यांनी मार्सिंकस, मेन्निनी आणि दे स्त्रोबेल यांच्यावर अटक वॉरंट काढले. जुलैमध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. आधार होता इटली आणि व्हॅटिकन यांच्यातील 1929 च्या लॅटरन कराराचे अकरावे कलम: कॅथलिक चर्चच्या मध्यवर्ती संस्थांमध्ये इटलीचे राज्य हस्तक्षेप करणार नाही. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले नव्हते, आपला अधिकार चालत नाही एवढेच म्हटले होते. हा फरक लिहिणाऱ्यांनी सोडता कामा नये. त्याआधी मे 1984 मध्ये आयओआरने कर्जदात्या बँकांना सुमारे 24 कोटी डॉलर दिले होते, कायदेशीर जबाबदारी नाकारून, ‘नैतिक’ भूमिकेतून केलेले ऐच्छिक योगदान म्हणून.

बँकिंगने या प्रकरणातून जे घ्यायचे ते घेतले. लक्झेंबर्गची कंपनी ‘बँक’ नसल्याने तिची जबाबदारी कोणत्याच देशाची मध्यवर्ती बँक घेईना, म्हणून बँकांवरील देखरेखीच्या 1983 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय बाझल करारात संपूर्ण समूहावर एकत्रित देखरेखीचे तत्त्व आले. व्हॅटिकननेही 2010 च्या अखेरीस काळ्या पैशाविरुद्ध कायदा केला आणि आयओआरचा पहिला वार्षिक अहवाल 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ही पावले खरी आहेत आणि त्यांचे श्रेय द्यायलाच हवे.

पण 1971 ते 1982 चे मूळ कागद अजून बंद आहेत. व्हॅटिकनने मार्च 2020 मध्ये अभ्यासकांना दप्तर उघडले ते पायस बारावे यांच्या कारकिर्दीपर्यंतचे, म्हणजे 1958 पर्यंतचे. कम्फर्ट लेटर द्यायचा आणि काल्वीचे उलटे पत्र स्वीकारायचा निर्णय आयओआरमध्ये कोणाच्या संमतीने झाला, त्यावर बैठक झाली का, पुढे पाठवलेल्या ठेवींवर कोणते कमिशन घेतले, कागदी कंपन्यांचे शेअर कोणाच्या तिजोरीत होते, हे त्या दप्तरातच सापडेल. आयओआरमध्ये धर्मसंघांचे आणि दानाचे पैसे होते. श्रद्धाळूंना हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या वृत्तपत्रात या विषयावर पुढे लेख आला, तर त्यात पुलाच्या छायाचित्राऐवजी ही दोन पत्रे शेजारी-शेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक