दहा बेटांचा संघ आणि आपली बाहेरगावची मुले

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरच्या आपल्या अंकात फातोर्ड्याच्या भारत-सिंगापूर फुटबॉल सामन्याची बातमी पहिल्या पानावर होती. ती तिथेच हवी होती. आदल्या संध्याकाळी मी त्या मैदानावर होतो. म्हापशाहून पणजी, पणजीहून मडगाव अशा दोन कदंबा बस बदलून गेलो होतो. आपल्या छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर एक गोल मारला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली वाट तिथेच संपली. परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलले नाही.

त्याच अंकात आतल्या पानावर चार ओळी होत्या: केप व्हर्डे विश्वचषकाला पात्र. त्या चार ओळींसाठी हे पत्र लिहितो आहे.

आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधली ही दहा बेटे. क्षेत्रफळ गोव्यापेक्षा थोडे जास्त, लोकवस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या निम्मीही नाही. आपल्यावर होते तेच पोर्तुगीज त्यांच्यावर होते. आपण १९६१ ला सुटलो, ते ५ जुलै १९७५ ला. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, राजधानी प्रायामध्ये त्यांनी एस्वातिनीला ३-० हरवले आणि कॅमेरूनसारख्या बलाढ्य संघाला मागे टाकून गटात पहिले आले. लिव्हरामेंतो, सेमेदू आणि शेवटी म्हातारा स्तोपिरा, असे तीन गोल. त्याच्याआधी पाचच दिवस ट्रिपोलीत लिबियाविरुद्ध ३-१ मागे पडून त्यांनी ३-३ बरोबरी केली होती. त्या संघाला ‘निळे शार्क’ म्हणतात. आमच्या बाजारात शार्कला मोरी म्हणतात, म्हणून मी त्यांना निळ्या मोऱ्याच म्हणतो.

मी एकतीस वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो. मैदान तांबड्या मातीचे, पावसाळ्यात चिखल आणि मार्चमध्ये दगड. त्या मैदानावरचा एक डावखुरा मुलगा मला अजून दिसतो. चेंडू पायाला चिकटलेला असायचा. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, त्यामुळे त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि विसाव्या वर्षी तो गेला. आता इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोदामात रात्रपाळी करतो. त्याआधी कागदपत्रांसाठी काही महिने लिस्बनजवळ अमादोरात राहत होता, तिथे रविवारी केप व्हर्डेच्या पोरांबरोबर खेळायचा. १३ तारखेला रात्री त्याचा फोन आला. “सर, ते गेले वर्ल्डकपला!” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. आपलेच कुणी गेल्यासारखा आनंद त्याच्या आवाजात होता.

त्या फोननंतर मी हा संघ कसा उभा राहिला ते शोधून शोधून वाचले. बेटांवर पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीने बाहेर पडली. आज बेटांवर राहणाऱ्यांपेक्षा बाहेर राहणारे जास्त आहेत. पूर्वी त्यांची मुले दुसऱ्यांच्या जर्सीत चमकायची. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील केप व्हर्डेचेच. आता महासंघ स्वतः होऊन मुलांना हाक मारतो. लिव्हरामेंतोचा जन्म रॉटरडॅमचा, सेमेदूचा फ्रान्सचा. बचावपटू रॉबर्टो लोपेश तर डब्लिनला जन्मला, वाढला, तिथल्याच शॅमरॉक रोव्हर्सकडून खेळतो. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. त्याला पोर्तुगीज येत नव्हते, कुणीतरी फालतू पाठवले असेल म्हणून त्याने सोडून दिला. काही महिन्यांनी आग्वाशनी पुन्हा विचारले, तेव्हा त्याने भाषांतर करून पाहिले आणि लगेच हो म्हटले. पहिल्या निरोपाला उत्तर नाही म्हणून ते थांबले असते तर? माझा जीव त्या दुसऱ्या निरोपात अडकला आहे.

आणि सगळे बाहेरूनच आणले असेही नाही. प्रशिक्षक बुबिश्ता बोआ व्हिश्ता बेटावरचे, स्वतः देशाकडून खेळलेले. आफ्रिकेचा २०२५ चा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांनाच निवडले गेले. गोलरक्षक व्होझिन्या साँ व्हिसेंत बेटावरचा, चाळिशीला टेकलेला. घरचे आणि बाहेरचे एका खोलीत बसतात आणि आपल्या क्रिओल भाषेत बोलतात.

आपल्याकडे नियम वेगळा आहे, हे मला ठाऊक आहे. भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताकडून खेळता येत नाही. इझुमी अराताने त्यासाठी जपानचे नागरिकत्व सोडले, आता रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे सोडले. गोव्याच्या मुलांनी उलटे केले आणि ते पोटासाठी केले, त्यांना दोष देणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटेल. पण लिस्बनमध्ये, स्विंडनमध्ये, आखातात गोव्याच्या वंशाची किती मुले क्लबांच्या कुमार संघांत खेळतात, त्यांची नावे आज कुणाच्या वहीत आहेत का? आखातातल्या बहुतेकांचा पासपोर्ट तर भारतीयच आहे! त्यांना सुटीत इथे बोलावून महिनाभर शिबिर घ्यायला कुठल्या कायद्याची आडकाठी आहे? एक वही आणि एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. वही लिहायला मी तयार आहे, पैसे नकोत.

आपल्याकडे एक विनंती. विश्वचषकात केप व्हर्डेचा गट अवघड आहे: स्पेन, उरुग्वे, सौदी अरेबिया. पहिलाच सामना १५ जून २०२६ ला अटलांटात स्पेनशी. त्यांचा उंचापुरा बचावपटू लोगन कोस्ता जुलै २०२५ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटून बाहेर बसला. तो वेळेत उभा राहतो का, बुबिश्ता कुणाला निवडतात, हे सगळे आता सुरू होईल. ब्राझील आणि पोर्तुगालच्या झेंड्यांनी आमच्या गल्ल्या भरतील, त्यांच्या बातम्या आपण छापालच. त्यातला आठवड्याला एक रकाना जूनपर्यंत या बेटांना द्या. नकाशासह द्या, मुलांना ती कुठे आहेत तेच माहीत नाही.

१५ जूनसाठी मी जुन्या शाळेचे सभागृह मागितले आहे. टीव्ही घरून नेईन. स्विंडनच्या मुलाने त्या दिवशीची पाळी आत्ताच बदलून घ्यायला सांगितली आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
म्हापसा, बार्देश