प्रार्थना करणारे हातावर हात ठेवून बसतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिले होते की, देवाधर्मात रमणारी माणसे अडचण आली की हातावर हात ठेवून बसतात आणि त्यालाच मनःशांती म्हणतात. फटके सगळ्याच धर्मांना होते, पण मेणबत्त्या आणि नोव्हेनांचा (आम्हा ख्रिस्ती लोकांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचा) उल्लेख आला म्हणून माझ्या वाट्याचे उत्तर मी देते.

माझे माहेर सावंतवाडी, सासर गोव्यातल्या बार्देशात. शाळा मराठीतून झाली, त्यामुळे सकाळी वर्तमानपत्र मराठीच लागते. जप मात्र सासरच्या सवयीने कोंकणीत होतो. मुलगा मालवाहू जहाजावर आहे, इकडच्या भाषेत तारवटी. त्याचा करार पावसाळा सरताच संपला, पण बदली माणूस चढला नाही म्हणून तो अजून जहाजावरच. त्यात २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्याचेही जहाज त्यांतलेच. मध्ये दिवसचे दिवस फोन लागत नाही. लागला की एकच वाक्य, ‘पुढच्या बंदरात उतरवतील.’

आता हातावर हात ठेवण्याबद्दल. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे फोन मीच लावते. तिकडून कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी लाइन खराब. खलाशाला बारा महिने पुरे व्हायच्या आत घरी पाठवायला हवे, हे २००६ च्या सागरी कामगार करारात आहे. ते मला कोणा फादरनी नाही शिकवले, मुलाने पाठवलेल्या कागदांवर बोट ठेवून मीच वाचून काढले. तक्रारअर्ज केला, त्याची पोच फाइलला लावली. संध्याकाळी आंजेलाची, म्हणजे चर्चमधली सांजप्रार्थनेची, घंटा झाली की फाइल कपाटात आणि घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. फाइलमुळे तेर्स चुकली नाही, आणि तेर्सामुळे फाइलही अडली नाही.

हे काही माझे एकटीचे शहाणपण नव्हे. माझे सासरे मुंबईच्या कुडीत राहिलेले. नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते: धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांनी आपापल्या माणसांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, एके काळी अशा कुडी शेकड्यांनी होत्या. भाडे नावापुरते. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, पेटीपुढे चटई, आणि एका अंगाला गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. बोटीवर जागा मिळेपर्यंत तारवटी तिथे राहायचे, महिनोन्‌महिने. दिवसा बोटकंपन्यांच्या दारात रांगा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स. तो नियमच होता. सासरे म्हणायचे, तेर्स नसती तर अर्धी कूड गुत्त्यात गेली असती. (काही जण तेर्स आटोपून जायचे, हेही तेच सांगायचे.) मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. सकाळी एकाच नोकरीसाठी एकमेकांना मागे सारणारी माणसे रात्री शेजारी शेजारी गुडघे टेकायची. ज्याला बोट मिळाली त्याची पेटी उचलायला ज्याला मिळाली नाही तोच पुढे व्हायचा.

शांती मला लगेच मिळाली असे मुळीच नाही. सुरुवातीला जपमाळेचे मणी एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात असे. फादरना मी सरळ सांगितले की मला देवाचा राग येतो. ते म्हणाले, स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र वाचा. त्याच्या सुरुवातीलाच स्तोत्रकार देवाला ‘किती काळ?’ म्हणून एका दमात चार वेळा विचारतो! बायबलमध्ये असे भांडण छापलेले आहे म्हटल्यावर मलाही धीर आला. आता आधी भांडून घेते, मग जप करते. त्या दोन्हींनंतर झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी एजंटशी आवाज न चढवता बोलता येते. माझी शांती एवढीच आहे.

त्या गृहस्थांनी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय २७ एकदा जरूर वाचावा. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला कैदी म्हणून रोमला नेताना जहाज वादळात सापडते. चौदा दिवस कोणी धड जेवलेले नाही. खडकांची भीती वाटते तेव्हा खलाशी मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडावे म्हणून प्रार्थना करतात. आधी नांगर, मग प्रार्थना, एकाच वाक्यात. पहाटे पौल सगळ्यांना सांगतो, आधी खाऊन घ्या. भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो, आणि २७६ माणसे जेवतात. जहाज पुढे फुटते ते फुटतेच, पण माणूस एकही जात नाही. तारवट्याच्या घरात हा अध्याय वेगळाच वाचला जातो. मी तो वाचला त्या रात्री पोटभर जेवले.

सध्या आमचा आगमनकाळ चालू आहे. नाताळाआधीचे हे चार रविवार वाट पाहण्याचेच. पाद्रीच्या अंगावर जांभळी वस्त्रे, रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही, तिसऱ्या रविवारी तेवढी एक गुलाबी मेणबत्ती. खरे तर टीका करायचीच तर इथे करा. नोव्हेंबर सरायच्या आत आमच्याच घरांवर नक्षत्रे (चांदणीचे आकाशकंदील) लागतात, दोदोल हे नाताळाचे गोड ताटात येते, आणि नाताळाच्या दिवशी आम्ही नाताळाला कंटाळलेलो असतो. वाट पाहण्याचा काळ चर्चने आखून दिला आहे आणि तो आम्हालाच नकोसा झाला आहे.

आणखी एक, सगळ्याच शेजाऱ्यांसाठी. ‘पूत केन्ना येता गो?’ हा प्रश्न मायेचा असतो, कळते. पण उत्तर नसलेल्या बाईला तो रोज विचारू नये. आमच्या शेजारच्या वहिनी तो विचारत नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना माझीही भाजी आणतात आणि खुरसाच्या (वाड्यावरच्या क्रुसाच्या) पायरीवर घटकाभर बसून वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेताबद्दल बोलतात.

त्या गृहस्थांशी वाद घालायला मला आवडेल. मुलगा तोवर आलेला असो वा नसो, मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, ठरलेली आहे. तेव्हा अवश्य यावे. उकडलेले चणे मिळतील. पुरुषमंडळींसाठी आणखीही काही असते, ते संपादकांनी छापले नाही तरी चालेल.

– एका तारवट्याची आई, बार्देश