बाटली हलवा, बाबा

पुणे, १४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर डोळ्याचा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणतात नि फोन आईकडे देतात. म्हणून हे लिहितेय. आई, मोठ्यानं वाच, नि त्यांना अर्ध्यातून उठू देऊ नको.

गेल्या वर्षी गणपतीला खानापूरला आले, तेव्हा बाबा, तुम्ही पडवीत उन्हाकडे पाठ करून, डोळ्याला टॉवेल लावून बसला होता. मलाही वाटलं, डोळे आलेत. खरं चिपडं नव्हती. ठणका होता, नि उजेड सोसत नव्हता. बेळगावच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली तेव्हा कळलं, युव्हायटिस. सूज आत आहे, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला. तुझं गुलाबपाणी तिथवर पोचत नाही, आई.

लाली गेली की तुम्ही थेंब बंद करता. एकदा रोप लावणीत केलंत, एकदा आता सुगीत. दोन्ही वेळा महिन्याभरात डोळा परत पेटला. औषध थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत असं उलटलं की त्याला क्रॉनिक, म्हणजे जुनाट, म्हणतात. डोळा बाहेरून पांढरा दिसला तरी आतल्या पाण्यात सुजेच्या पेशी तरंगत असतात. त्या यंत्रातूनच दिसतात. म्हणून थेंब दिवसातून सहा वेळांवरून चार, चारावरून तीन असे डॉक्टर सांगतील तसे उतरवायचे. सूज राहिली की तो पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. तुमच्या डाव्या डोळ्याची बाहुली आता गोल नाही, कडेला दातरे पडलेत. आई, जवळून बघ. दुसरा थेंब, ज्यानं पेपरची अक्षरं पुसट होतात म्हणून तुम्ही टाळता, तो हे चिकटणं थांबवायलाच आहे.

देवळीतली बाटली मी बघितली. तळाला पांढरा साका, वर पाणी. औषध तो साका आहे, बाबा! न हलवता घातलंत म्हणजे पाणीच घातलंत. नि दुखलं म्हणून मेडिकलमधून परस्पर तीच बाटली आणायची नाही. त्यातल्या स्टिरॉइडनं डोळ्याचं प्रेशर चढतं, मोतीबिंदूही लवकर येतो. प्रेशर चढलेलं बहुतेकदा दुखत नाही, मोजूनच कळतं.

नव्या गोळीला शेजारच्यांनी "कॅन्सरची" म्हटलं नि तुम्ही बिथरलात. मेथोट्रेक्सेट कॅन्सरलाही देतात, खरं इथं डोस बारका, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल. आई, पाकीट तुझ्याजवळ ठेव नि कॅलेंडरवर रविवारीच खूण कर. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी. रक्ततपासणी चुकवायची नाही, कारण ही लिव्हरला त्रास देऊ शकते. म्हणून बाबा, संध्याकाळची 'ती'सुद्धा बंद. मला सगळं माहीत आहे.

आणखी एक. सकाळी कंबर आखडते ते डॉक्टरांना सांगितलंत का? "वयानं होतंय" म्हणू नका. कंबरेच्या एका संधिवाताचं या डोळ्याशी नातं असतं.

गुरुवारी तारीख आहे. मळणीला गडी आहेत, तुमच्यावाचून अडत नाही. आई, तू सोबत जा. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकटच आहे, आधार कार्ड तेवढं घे. तिकीट बाबांचंच.

तुमची लेक