अकरा अंड्यांची उधारी

आक्का,

समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि भाकरी खायला बसवता. म्हणून हे लिहून, चारचौघांत सांगतेय. नातू वाचून दाखवेल तेव्हा त्याला मध्येच पाणी आणायला पिटाळू नका.

पुणे सोडून कराडजवळच्या या घरात राहायला आलो, तेव्हा हौसेनं बाजारातून चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या होत्या. मार्गशीर्षात तांबडीनं पहिलं अंडं घातलं. लिंबाएवढंच, टरफलावर रक्ताची एक पुसट रेघ. मी घाबरून ते हातात घेऊन तुमच्याकडे पळत आले. तुम्ही म्हणालात, "पहिलटकरीण हाय, हुतंय तसं." दुसऱ्या एकीनं तर कवचच नसलेलं, कातड्यासारखं मऊ अंडं टाकलं. त्यावर तुम्ही अंड्यांची टरफलं वाळवून, चुरून दाण्यात मिसळायला सांगितलंत. थोड्याच दिवसांत कवच टणक झालं.

पण माझा खरा पराक्रम पुढचा. फ्रिजच्या दारात साठवलेली सहा अंडी मी खोक्यात मांडली, त्यावर तांबडीला बसवलं आणि वर डालगं झाकलं. तिनं आत थयथयाट करून दोन फोडली. तुम्ही बांधावरून बघत होतात. "खुडूक झालीया का ती?" खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसायच्या तयारीची; मला तो शब्दच ठाऊक नव्हता. अंडी घातली म्हणजे कोंबडी उबवायला बसतेच, अशी माझी समजूत. मग तुम्ही अंगणभर नजर फिरवलीत आणि विचारलंत, "आणि कोंबडा कुठाय?"

त्या दिवशी तुम्ही किती हसलात आक्का! पदर तोंडात धरूनसुद्धा थांबेना. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता. एवढी शिकलेली बाई, आणि वांझ अंडी उबवायला निघालेली.

माघात तांबडी खरोखर खुडूक झाली. पिसं फुलवून खोक्यात बसून राहायची, जवळ गेलं की गुरगुरायची, अंडी घालायची थांबली. तुम्ही म्हणालात की हिला आत्ताच बसवायची, शिमग्यानंतर ऊन तापलं की अंडी वाया जातात. दुसऱ्या दिवशी ओच्यातून अकरा अंडी घेऊन आलात. सगळी आठवड्याच्या आतली, फार मोठी नाहीत, फार लहान नाहीत, एकालाही चीर नाही. बाजारात तेव्हा गावरान अंडं पंधरा रुपयांच्या खाली मिळत नव्हतं. पैसे पुढे केले तर तुम्ही माझा हातच बाजूला सारलात.

पाटीत खाली वाळू, वर पेंढा, पेंढ्यात निर्गुडीचा पाला. तांबडीच्या पंखांखाली राख चोळलीत, उवा झाल्या तर ती अंड्यांवर टिकत नाही म्हणून. प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण केलीत, म्हणजे दुसरीनं येऊन त्यात अंडं घातलं तर कळेल. बसवली मात्र रात्री, अंधारात. वर लोखंडाचा खिळाही ठेवलात, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याचं मला अजून पटलेलं नाही, पण तो मी जपून ठेवलाय.

आठव्या रात्री मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं धरून बघितलं. नऊ अंड्यांत कोळ्यानं जाळं विणावं तशा लाल शिरा दिसल्या. दोन कोरी निघाली. "माझाच कोंबडा म्हातारा झालाय," असं म्हणून तुम्ही ती बाजूला काढलीत.

आणि एकविसावा दिवस. त्यासाठीच खरं तर हे पत्र. सकाळी एका अंड्याला टवका गेला, आतून चिवचिव ऐकू आली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, टवका तेवढाच. माझा जीव राहीना. नखानं कवच सोलायला हात घातला आणि तुम्ही मागून मनगट धरलंत. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, की आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, तो फाडलास तर पिलू रक्त जाऊन मरेल. त्याला दम खाऊ दे, बलक पोटात ओढून घेऊ दे. मग घरी जायचं सोडून उंबऱ्यात बसून राहिलात. माझा भरवसा नव्हता, हे मला कळत होतं! रात्री दहाच्या सुमारास ते ओलंचिंब, चोचीवर पांढरा ठिपका असलेलं पिलू आपलं आपण बाहेर आलं. सकाळपर्यंत आठ झाली. नववं आतच गेलं होतं.

मी लगेच कणी पुढे केली, तर तुम्ही म्हणालात, घाई नको, पोटात बलक हाय. पिलं दीड-दोन दिवस त्याच्यावर निभावतात हे मला नंतर कळलं.

सातव्या दिवशीच्या लासोटाचं, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लशीचंही राहून गेलं असतं. बाटली शंभर पिलांची, फोडली की दोन तासांत संपवायची, आणि माझी पिलं आठ. तुम्ही चार घरं फिरून सगळ्यांची पिलं एका अंगणात गोळा केलीत. थर्मासमध्ये बर्फ घालून लस मी आणली, डोळ्यात थेंब तुम्ही टाकलेत. एक पिलू पुढे घारीनं नेलं. राणीखेतनं एकही गेलं नाही.

सातातली चार नर निघाली, तीन तलंगा. त्यातल्या दोघींचे तुरे आता लालबुंद झालेत, अंड्यावर आल्यात. वाट्यानं कोंबडी दिली तर अर्धी पिलं द्यायची, हा रिवाज तुम्हीच मला सांगितलात आणि तुम्हीच मोडलात. तेव्हा आज दिवेलागणीला त्या दोघी आणि एक कोंबडा तुमच्या खुराड्यात सोडून जाणार आहे. तुमचा म्हातारा झालाय ना? परत आणून सोडू नका. मी दार लावून घेणार आहे.

तुमची,
बांधापलीकडची