गणिताची भीती दहावीत जन्मत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गणितात मागे पडलेल्या मुलांविषयी चार दिवस चर्चा होते आणि शाळा उघडल्या की ती विरून जाते. जळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला शिक्षक या नात्याने माझे मत असे आहे की, गणिताची भीती दहावीत जन्मत नाही. ती दुसरी-तिसरीत, संख्यावाचनाच्या तासाला मनात बसते, आणि ती बसवण्यात आम्हा शिक्षकांचा वाटा आम्ही कबूल करतो त्याहून बराच मोठा आहे.

मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी मांडावे लागतात. ‘एकोणपन्नास’ या शब्दात पन्नास ऐकू येतो, म्हणून मूल पाच लिहून त्यापुढे नऊ मांडते आणि वहीत ५९ उमटतात. त्यावर लाल फुली पडते. वास्तविक त्या मुलाने शब्द नीट ऐकला होता आणि त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्नही केला होता. पण फुलीतून त्याला एवढेच समजते की आपण विचार केला की चुकते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर त्याची थट्टा झाली. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या, पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. मला स्वतःला तो उपाय पूर्णपणे पटला होता असे नाही, कारण बाजारात ‘साठ तीन’ कोणी म्हणत नाही. तथापि त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती आणि ती आजही तशीच आहे.

ज्या मुलाच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नाही, त्याच्यासाठी ही अडचण दुप्पट होते. खानदेशात एकाच वर्गात अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, भिली, पावरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. शाब्दिक उदाहरणातील ‘प्रत्येकी’ हा एक शब्द अडला म्हणून भागाकार येत असूनही गप्प बसलेली मुले मी पाहिली आहेत, अहिराणीत ‘एकेकले कितला?’ असे विचारताच त्यांचे उत्तर तयार असे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे आणि मुलाला भय, धक्का व चिंता यांपासून मुक्त ठेवावे, ही दोन्ही कर्तव्ये एकत्र सांगितली आहेत. मला तो योगायोग वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असला, तरी प्रत्येक घाण्यामागे मठाला किती तेल द्यायचे हे सांगण्याची वेळ येते तेव्हा तो लोकांच्या बोलीत, त्या काळच्या मराठीत, बोलू लागतो. हिशेब देणाऱ्याला समजला पाहिजे, एवढी साधी जाण त्यामागे होती.

आता माझी चूक सांगतो. सतराचा पाढा अडला की मी मुलांना तास संपेपर्यंत उभे ठेवत असे. उभी राहणारी मुले बहुतेक तीच ती असत, आणि त्यांतील बरीचशी घरातली पहिलीच शाळा शिकणारी होती. सातवीतील एक मुलगी वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडत नव्हती. पुढे तिच्या आईकडून समजले की, दिवाळीच्या सुटीत किलोमागे मजुरीवर कापूस वेचताना साऱ्या कुटुंबाचा हिशेब तीच तोंडी करी आणि पैसे कमी पडले तर शेतमालकाशी वादही घाली. त्या दिवसानंतर पाढ्यासाठी मी कोणाला उभे केले नाही. पाढे पाठ असावेत, या मताचा मी आजही आहे. आक्षेप आहे तो घड्याळ लावून, चारचौघांसमोर ते वदवून घेण्याला. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या अभ्यासकांनी २००१ मध्ये दाखवले की, गणिताची चिंता मनातील आकडे धरून ठेवण्याची जागाच व्यापून टाकते. आपल्या वर्गात याचा अर्थ इतकाच की, घाबरलेल्या मुलाचा हातचा निसटतो आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणतो.

अर्थात बाजारातला हिशेब आला म्हणजे गणित आले, असेही नाही. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत झरझर हिशेब करणारी मुले वहीतल्या उदाहरणांवर अडखळली आणि शाळेत शिकणारी मुले बाजारच्या हिशेबावर अडखळली, असे त्यात दिसून आले. मधला पूल शिक्षकालाच बांधावा लागतो. रावेर-यावलच्या मुलाला पाच बाय पाच फुटांवर केळीची लागवड केली तर एका गुंठ्यात किती रोपे बसतील, असे विचारून पाहावे. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, रोपाला २५ चौरस फूट. उत्तर ४३ च्या पुढे जाते, बाकी उरते, आणि त्या उरलेल्या जागेचे काय करायचे यावर वर्गात वाद सुरू होतो. त्या वादात मागच्या बाकावरचा मुलगा सहसा पुढे असतो.

सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात. परतलेल्या मुलाची अडचण बुद्धीची नसून बुडालेल्या तासांची असते, हे वेगळे ओळखावे लागते. ज्याला आकडेच उलटसुलट दिसतात अशा मुलाची अडचण आणखी वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे, परंतु वर्गात ती आजही आळस म्हणूनच नोंदली जाते.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, होणाऱ्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन थोडे कमी करून एक तास चुकलेल्या उदाहरणांसाठी ठेवावा. प्रत्येक शिक्षकाने मुलांची नावे झाकून चार वह्या आणाव्यात आणि मुलाने ५९ का लिहिले असतील, याचा सर्वांनी मिळून शोध घ्यावा. यासाठी वेगळा निधी लागणार नाही. वह्या प्रत्येक शाळेत आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, जि. जळगाव