शनिवारचे मूकपट : वेळेआधी या!

सभासद मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये, खरी माणसं आणि हाताने काढलेली चित्रं एकत्र आणणारे मूकपट पाहायचे आहेत.

• चित्रकार-दिग्दर्शक ब्लॅकटन, १९०० : कागदावर काढलेली बाटली तो उचलतो आणि ती खरीखुरी हातात येते! जेमतेम दीड मिनिटाचा खेळ; उशीर झाला की हुकलाच.
• विन्सर मॅके, १९१४ : 'गर्टी' डायनोसॉर. शेवटी मॅके स्वतःच चित्रात शिरतात आणि तिच्यावर स्वार होतात. माझ्या मते हाच सगळ्यांत भारी.
• फ्लायशर बंधूंचा दौतीतून निघणारा कोको विदूषक.
• डिस्नी, १९२३ : कार्टूनच्या दुनियेत गेलेली अ‍ॅलिस.

मुलांना जरूर आणा. मोबाइल बंद ठेवा. पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत आहेत, शेजारच्याला हळूच सांगायला हरकत नाही. साथीला पेटी कोण वाजवणार, ते गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.