रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(कार्यक्रमाचे आयोजक व तिकीट विक्रेती कंपनी)

विषय : नेरुळ येथील खुल्या मैदानावरचा संगीत कार्यक्रम उशिरा सुरू करून अर्धवट बंद केल्याबद्दल व सदोष ध्वनिव्यवस्थेबद्दल तक्रार, परताव्याची मागणी

संदर्भ : माझी ऑनलाइन तक्रार व त्यावर आलेलं तुमचं ईमेल उत्तर (तिकिटं, पावत्या आणि फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत)

महोदय,

मी ऐरोलीत राहते. तुमच्या त्या शनिवारच्या कार्यक्रमाला मी, माझा नवरा आणि माझे बाबा असे तिघं आलो होतो. तिकिटं ‘गोल्ड’ विभागाची, माणशी १,७९९ रुपये, वर तुमचं सुविधा शुल्क आणि जीएसटी. तिकिटावर ‘सायंकाळी ६ पासून’ असं छापलं आहे आणि तुमच्या जाहिरातीत मुख्य बँडचं वादन दोन तासांचं असल्याचं लिहिलं आहे. प्रत्यक्षात मुख्य बँड ९ वाजून १० मिनिटांनी मंचावर आला आणि १० च्या ठोक्याला आवाज बंद झाला. दोन तासांचे पैसे घेऊन तुम्ही आम्हाला पन्नास मिनिटं ऐकवलीत. माझी मूळ तक्रार ही आहे.

यावर तुमचं उत्तर असं, की स्थानिक प्रशासनाच्या निर्देशांमुळे कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला, ही बाब तुमच्या हातात नव्हती आणि म्हणून परतावा मिळणार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. त्या रात्री कोणताही नवा निर्देश आलेला नव्हता. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही, हा नियम ध्वनी प्रदूषण नियम, २००० मधला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो आणखी ठामपणे अधोरेखित केला. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस सण-उत्सवांचे असतात आणि जिल्हा प्रशासन ते आधी जाहीर करतं. गणपतीत मंडळाचा मांडव घालणाऱ्या पोरांनाही हे तोंडपाठ असतं. तुमचा तर हा धंदाच आहे. पोलिसांची आणि पालिकेची परवानगी काढताना तुमच्या माणसांनी ही वेळ कागदावर पाहिली असणार, त्याखाली सही केली असणार. मग दोन तासांच्या वादनाची जाहिरात करताना बँड ८ च्या आत मंचावर चढलाच पाहिजे, एवढा हिशेब तुमच्याकडे कुणीच केला नाही का?

त्या नियमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. मैदानाला लागून इमारती आहेत. तिथे लहान मुलं आहेत, आजारी माणसं आहेत, पहाटेच्या पाळीला जाणारे आहेत. आमच्या सोसायटीसमोर लग्नाच्या वरातीचा डीजे दहानंतर वाजायला लागला, तर आम्हीसुद्धा ११२ वर फोन करतो. पोलिसांनी त्या रात्री त्यांचं काम केलं. तुम्ही तुमचं केलं नाहीत आणि दोष मात्र त्यांच्यावर ढकललात, याचा मला जास्त राग आहे.

आता ६ ते ९.१० या वेळात काय झालं, ते सांगते. आम्ही सव्वासहाला गेटवर होतो. गेट उघडलं ७.२० ला. तोवर रांग वळसा घालून मुख्य रस्त्यावर आली होती आणि शेजारून गाड्या जात होत्या. आत गेल्यावर रिस्टबँडची, म्हणजे आधी पैसे भरून घ्यायच्या मनगटी पट्ट्याची, दुसरी रांग, कारण मैदानात रोख किंवा यूपीआय चालत नव्हतं. कमीत कमी ५०० रुपये भरल्याशिवाय पाण्याची बाटलीही मिळणार नव्हती, आणि घरून आणलेली पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली होती. मग तासभर रेकॉर्ड केलेली गाणी लागली. मग प्रायोजकांचे सत्कार झाले, सोडत काढली, बक्षिसाचा मिक्सर कुणाला लागला ते तीनदा पुकारलं. या सगळ्या वेळात खाण्यापिण्याचे स्टॉल जोरात चालले होते. माझं स्पष्ट मत आहे, की आम्हाला तिष्ठत ठेवण्यात तुमचा फायदा होता. लोक जितके जास्त वेळ उभे राहतील तितका रिस्टबँड रिकामा होतो. तसं नसेल तर ७.२० ते ९.१० मंच कुणामुळे अडला होता, हे तुम्ही मला लेखी कळवा.

बँड तयार होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. पावणेआठलाच ढोलकीवाला मंचाच्या कडेला बसून होता. खाडीकडून दमट वारा येत होता. त्या हवेत चामडं सैल पडतं आणि ढोलकीचा स्वर उतरतो. तो हातात पाना घेऊन एकेक नट आवळायचा, बोटाने टिचकी मारून स्वर ऐकायचा, पुन्हा आवळायचा. सोडत चालू असताना त्याने ढोलकी दुसऱ्यांदा चढवली. सत्कार चालू असताना तिसऱ्यांदा. बाबा पूर्वी ऑर्केस्ट्रात ताल वाजवायचे. ते म्हणाले, “अरे, त्या पोराला वाजवू द्या रे, हात गार पडतील त्याचे.” कलाकार वेळेवर आले होते आणि प्रेक्षकही वेळेवर आले होते. वेळ फक्त तुम्हीच पाळली नाहीत.

आणि शेवट कसा झाला, तेही तुमच्या नोंदीत राहू दे. ढोलकी आणि ड्रम यांचा सवाल-जवाब चालू होता. ड्रमवाल्याने एक अवघड तुकडा वाजवला, लोकांनी ओरडून दाद दिली, ढोलकीवाल्याने हात वर उचलला, त्याची थाप पडली आणि आमच्यापर्यंत काहीच आलं नाही. पडद्यावर त्याचे हात चालताना दिसत होते. दोन-चार क्षण त्यालाही कळलं नव्हतं. मग त्याने मान वर करून मुख्य गायिकेकडे पाहिलं. ती पुढे आली, हात जोडले आणि माइकशिवाय गायला लागली. पुढच्या दोन-तीन ओळींतल्या लोकांना ते ऐकू आलं असेल. आम्हाला ओठ हलताना दिसले, मग पडदाही काळा झाला. त्या कलाकारांनी त्या सवाल-जवाबाची किती तालीम केली असेल, याचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं. निदान ९.५० ला त्यांना इशारा दिला असता, तर त्यांनी गाणं आटोपतं घेऊन नीट समेवर आणलं असतं. तेवढंही तुमच्याकडून झालं नाही.

ध्वनिव्यवस्थेची तक्रार वेगळी आहे आणि तितकीच गंभीर आहे. गोल्ड विभाग मंचापासून साधारण शंभर मीटर मागे होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचावरच्या मोठ्या स्पीकरचा आवाज आमच्यापर्यंत यायला जवळपास एक तृतीयांश सेकंद लागतो. म्हणूनच मोठ्या मैदानात मध्ये वेगळे स्पीकर लावलेले मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मोजून तेवढाच उशिरा सोडतात. मग पुढचा आणि मधला आवाज एकत्र कानावर पडतो आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. तुमच्याकडे असे दोन मनोरे होते. उजवीकडचा, म्हणजे आमच्या बाजूचा, पूर्ण वेळ मुका होता. डावीकडचा चालू होता, पण त्याची वेळ जुळवलेली नव्हती. त्यामुळे आम्हाला प्रत्येक थाप दोनदा ऐकू येत होती, एकदा डावीकडून आणि मग समोरून. द्रुत लयीत तर नुसता गलबला. शब्द एकही कळला नाही. तिथल्या स्वयंसेवकाला मी हे सांगितलं. तो बिचारा वॉकीटॉकीवर सांगत राहिला, पलीकडून कुणी दाद दिली नाही. बंद मनोऱ्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. साउंडचेक लोक आत यायच्या आधी झाला असता, तर ही चूक दुपारीच सापडली असती.

मी एवढं सविस्तर का लिहिते आहे, तेही सांगते. वर्षानुवर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाने चांगलं लाइव्ह संगीत ऐकायचं म्हटलं की वांद्रे नाहीतर लोअर परळ गाठायचं, आणि कार्यक्रम रंगात आला की शेवटच्या लोकलसाठी उठायचं. बायकांना तर घरच्यांना दहा उत्तरं द्यावी लागतात. आता परिस्थिती बदलते आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू हा परदेशी बँड वाजवून गेला, १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला कोल्डप्ले. वाशीत, सीवूड्सला, घोडबंदर रोडला संध्याकाळी गिटार घेऊन गाणारी पोरं आहेत आणि त्यांना ऐकायला ऑफिस सुटल्यावर मैत्रिणी-मैत्रिणी जातात. रात्री अकराला ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात गाण्यावर बोलत घरी येता येतं, याचं मोल आमच्यासारख्यांनाच कळतं. शिवाय हा बँड मराठी लोकसंगीत वाजवणारा होता. अशा बँडला आपल्या भागात एवढं मोठं मैदान मिळावं, ही माझी मनापासूनची इच्छा होती. असे कार्यक्रम फसले की पुढच्या वेळी लोक येत नाहीत, सोसायट्या हरकती घेतात आणि परवानग्या मिळणं कठीण होतं. नुकसान फक्त माझ्या तिकिटाचं नाही.

आणि इथला प्रेक्षक वेळ पाळणारा आहे. गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाण्यात उभं आहे, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. दिवाळी पहाटेला ठाण्याच्या तलावपाळीवर गाणी ऐकायला लोक अंधारात उठून, अंघोळी करून येतात. अशा प्रेक्षकाला तीन तास ताटकळत ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

बाहेर पडतानाचा प्रकार मी वेगळ्या अर्जाने पोलिसांनाही कळवते आहे, कारण तो जिवाशी खेळ होता. आवाज बंद झाल्यावर चिडलेला सगळा जमाव एकाच वेळी निघाला आणि दोनपैकी एकच गेट उघडं होतं. माझ्या पुढे एका बाईच्या कडेवर मूल होतं, लोकांनी हात धरून कडं केलं म्हणून ती सुखरूप बाहेर आली. दुसऱ्या गेटला कुलूप कुणी आणि का लावलं होतं, याचं उत्तर मला हवं आहे.

पैशांबद्दल. तुमच्या ॲपवर पहिल्या पानावर १,७९९ दिसतात. सुविधा शुल्क अगदी शेवटच्या पानावर येतं आणि तिथे देणगीची एक रक्कम आधीच निवडून ठेवलेली असते. ग्राहकांची अशी फसवणूक करणाऱ्या १३ पद्धतींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच बंदी घातली आहे. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि न विचारता वस्तू गळ्यात मारणं या दोन्ही त्यात आहेत. रिस्टबँडमधली शिल्लक ४८ तासांत न मागितल्यास बुडते, ही अटही अन्याय्य आहे. तो पैसा आमचा आहे.

माझी मागणी अशी. तिन्ही तिकिटांची निम्मी रक्कम, संपूर्ण सुविधा शुल्क, देणगीची रक्कम आणि रिस्टबँडमधली शिल्लक, हे सगळं ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात परत करावं. पुढच्या कार्यक्रमाचं कूपन मला नको. उजव्या बाजूच्या गोल्ड विभागात उभ्या असलेल्या प्रत्येकाला हाच परतावा द्यावा, तक्रार केली असो वा नसो. तिकिटांची नोंद तुमच्याकडे आहे, त्यामुळे ते अवघड नाही. आणि यापुढे तिकीट विकतानाच मुख्य कलाकाराची मंचावर येण्याची वेळ आणि आवाज बंद होण्याची वेळ, दोन्ही छापाव्यात.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तुमची पोचच आठवड्याने आली. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस मी थांबेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करेन. वाद फक्त दिल्लीतच चालेल, अशी अट तुमच्या तिकिटामागे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला मी राहते तिथल्या आयोगाकडे जाण्याचा हक्क देतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्कही लागत नाही.

उत्तर मराठीत आणि लेखी द्यावं. त्यात गेट उशिरा का उघडलं, उजवा मनोरा बंद का होता आणि दुसऱ्या गेटला कुलूप का होतं, या तिन्हींचा स्वतंत्र खुलासा असावा.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही)
तिकीटधारक, ऐरोली, नवी मुंबई

सोबत : तिकिटं, भरणा पावत्या, रिस्टबँडच्या शिलकीचा फोटो, बंद मनोऱ्याचा व्हिडिओ, तुमच्या जाहिरातीची प्रत